'आयुष्यभर पुरेल' म्हणून गळ्यात मारलेली पेटी: कॉर्न स्नेक घेताना झालेली फसवणूक

'साप पेटीच्या मापानेच वाढतो, लहान पेटीत ठेवला की लहानच राहतो.' हे वाक्य दुकानदाराच्या तोंडून निघालं की तिथून काढता पाय घ्यावा. आम्हाला ते इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या, सरपटणारे प्राणी विकणाऱ्या एका दुकानात ऐकवलं गेलं आणि त्याच्याच जोरावर १८५ पौंडांचा 'संपूर्ण संच' आमच्या गळ्यात मारला गेला. तक्रार अजून कौन्सिलकडे (इथली स्थानिक नगरपालिका) आहे, म्हणून दुकानाचं नाव देत नाही. पण ओळखीतल्या काही मराठी घरांत सध्या पोरांचा हाच हट्ट चालू आहे, तेव्हा हा डाव कसा टाकला जातो ते नीट लिहून ठेवतो.

आमच्या लेकीला, वय पंधरा, कॉर्न स्नेक हवा होता. पुण्याला आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, नागपंचमीला पाटावर काढून पुजतात साप, घरात आणून कसले पाळताय?" तिची समजूत अजून पुरती निघालेली नाही. साप मात्र साधा, शांत. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, उंदरांवर जगणारा. अंड्यातून बाहेर येतो तेव्हा साधारण ८ ते १२ इंच लांब आणि पेन्सिलीएवढा जाड. पुढच्या दोन-तीन वर्षांत साडेतीन ते पाच फूट होतो आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो.

दुकानदाराचं सगळं भांडवल पिल्लाच्या आणि प्रौढ सापाच्या लांबीतल्या या फरकात आहे. समोर वीतभर पिल्लू. ते चार फुटी पेटीत ठेवून बघितलं तर कुणालाही वाटेल, एवढी जागा कशाला? शिवाय मोठी पेटी म्हणजे जास्त पैसे आणि बैठकीच्या खोलीतली एक अख्खी भिंत. म्हणजे लहान पेटी पुरेल हे ऐकायला गिऱ्हाईक आधीच तयार असतं. त्याला फक्त कारण हवं असतं, आणि कारण पुरवण्यात हा माणूस पटाईत होता.

आधी त्याने भीती घातली. मोठ्या जागेत पिल्लू घाबरतं, खाणं सोडतं, मरतं. मग दिलासा दिला की साप जागेच्या हिशेबाने वाढतो, त्यातून या रंगाची जात मुळातच बेताची, तीन फुटांच्या पुढे जात नाही. आणि शेवटी संच दाखवला: काचेची पेटी, खाली चिकटवलेली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), पाण्याचं भांडं, लपायला एक प्लास्टिकची गुहा, लाकडाच्या भुश्याची पिशवी. पेटीच्या दर्शनी काचेवर दुकानाचा स्वतःचा लेबल: 'प्रौढ कॉर्न स्नेकसाठी, वापरण्याजोगी लांबी ३ फूट'. पावतीवरही हेच शब्द आले, ते पुढे फार कामी आले. हे आयुष्यभर पुरेल आणि समजा कधी बदलायची वेळ आलीच तर निम्म्या किमतीत परत घेऊ, असंही तो म्हणाला. हे तोंडी वचन मात्र पावतीवर नव्हतं.

यातली भीती पूर्ण खोटी नाही, म्हणून ती पटते. मोकळ्या, उघड्याबोडक्या जागेत कॉर्न स्नेकचं पिल्लू खरोखरच बिथरतं. रानात त्याला वरून पक्षी, खालून मोठे साप, सगळेच खायला टपलेले असतात. पण बिथरतं ते उघडेपणाने, लांबीरुंदीने नाही. जागोजागी आडोसा असेल तर तेच पिल्लू मोठ्या पेटीत आरामात राहतं. रानात त्याला कोणी दीड फुटी खोका नेऊन देत नाही. दुसरं वाक्य मात्र निखालस खोटं. सापाची वाढ खाणं, तापमान आणि आनुवंशिकता यांवर ठरते. पेटी लहान म्हणून वाढ थांबत नाही. साप वाढतच राहतो, फक्त त्याला हालचाल उरत नाही. मग अंगावर चरबी चढते, कात तुकड्यातुकड्यांनी निघते, बाहेर पडायच्या धडपडीत नाक काचेवर घासून सोलवटतं.

घरी पेटी पुसताना लेबलचा कोपरा सुटला. लेकीने नखाने तो सावकाश ओढला, तर खाली पेटी बनवणाऱ्याचं मूळ लेबल निघालं. २४ × १८ × १८ इंच. आणि त्याखाली बारीक अक्षरात: लहान पाली, कोळी आणि पिल्लांसाठी. वरचा कागद नेमका या दोन ओळी झाकेल एवढाच कापला होता.

मग दोन फुटी पेटीचे तीन फूट झाले कुठून? हे कोडं लेकीनेच सोडवलं. तळाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे हवेतून तिरकी दोरी ताणली तर किती? २४ चा वर्ग, १८ चा वर्ग, पुन्हा १८ चा वर्ग, बेरीज १२२४, वर्गमूळ ३५ इंच. झाले की तीन फूट! सापाने हवेत तरंगत, काठीसारखं ताठ, कोपऱ्यातून कोपऱ्यात पडून राहायचं ठरवलं तर त्याला ती लांबी मिळेल. एवढं डोकं या माणसाने चांगल्या कामी लावलं असतं तर, असं मला आजही वाटतं.

हीट मॅटची कथा त्याहून वाईट. ती पेटीच्या निम्म्याहून जास्त तळाखाली पसरलेली होती आणि संचात थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरलेल्या मर्यादेत ठेवणारं उपकरण, नव्हताच. 'ही मॅट आपोआप सांभाळते' असं सांगितलं होतं. इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलं तर मॅटवरची काच ४२ अंश सेल्सिअस, आणि ज्याला थंड बाजू म्हणायचं तिथेही ३१. कॉर्न स्नेकला एका टोकाला ३० ते ३२ अंशांची उबदार जागा लागते आणि दुसऱ्या टोकाला साधारण २२ ते २४. साप स्वतःचं तापमान स्वतः राखू शकत नाही, तो जागा बदलून ते राखतो. ऊब हवी तेव्हा इकडे, गारवा हवा तेव्हा तिकडे. इथे 'तिकडे' असं काही नव्हतंच. पेटीच्या मापाचा खरा मुद्दा हाच आहे आणि दुकानात त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. दोन फुटांत हा फरक टिकवणं अवघड, चार फुटांत सोपं.

जिलबी (नाव लेकीने ठेवलं, रंग आणि वेटोळं बघून) दिवसभर समोरच्या काचेला चिकटून असायची. पिंकी, म्हणजे उंदराचं नुकतं जन्मलेलं गोठवलेलं पिल्लू, कोमट करून दिलं तरी तोंड लावेना. नाकाच्या शेंड्यावर एक खवला पांढुरका झाला. विदेशी प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सापाला हात लावायच्या आधी पेटीचा फोटो मागितला, तापमान विचारलं आणि मॅट तिथल्या तिथे बंद करायला सांगितली.

पेटी परत करायला गेलो तेव्हा त्याच माणसाने, त्याच काउंटरवर, उलटं पुराण लावलं. आयुष्यभर पुरेल असं कोण म्हणालं? ही तर पिल्लाची पेटी. आता सहा महिन्यांनी तीन फुटी घ्या, मग वर्षभराने चार फुटी, आणि हो, थर्मोस्टॅट वेगळा, त्याचे ४५ पौंड. निम्म्या किमतीचं विचारलं तर वापरलेली पेटी रोगराईमुळे आम्ही घेत नाही म्हणाला. म्हणजे आधी 'एकच पेटी, कायमची' म्हणून विकायची आणि गिऱ्हाईक सापात गुंतलं की तिला जिन्याची पहिली पायरी करून टाकायची. सापाच्या पिल्लाला लळा लागो न लागो, घरातल्या पोरीला लागलेला असतो, आणि हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं.

आता मापाचं. आरएसपीसीएसारख्या प्राणिकल्याण संस्थाही हेच सांगतात की सापाला पूर्ण लांब होऊन पसरता आलं पाहिजे. पेटीची लांबी अधिक रुंदी म्हणजे सापाची लांबी, हा जुना हिशेब अजून काही दुकानांत चालतो, तो सोडून द्या. प्रौढ कॉर्न स्नेकसाठी ४ × २ × २ फूट ही आज सर्रास सांगितली जाणारी पेटी आहे आणि साप पाच फुटी निघाला तर तीही अपुरीच. मोजायचं ते तळावर आणि आतल्या बाजूने. उंचीला किंमत तेव्हाच, जेव्हा चढायला फांद्या असतील. कॉर्न स्नेक चांगला चढतो, त्यामुळे त्या असाव्यातच. साप मोजताना टाकलेली कात वापरू नका. ती निघताना ताणली जाते, सापापेक्षा बरीच लांब भरते. पट्टीशेजारी निवांत पडलेला असताना वरून फोटो काढावा आणि फोटोवर दोरा फिरवावा.

पिल्लू थेट चार फुटीत ठेवावं का? माझं मत, ठेवावं, पण दोन गोष्टी सांभाळून. पहिली, आडोसा. दोन्ही टोकांना एकेक घट्ट बसणारी लपायची जागा, एवढी घट्ट की वेटोळ्याला चहूबाजूंनी टेकू मिळेल, आणि मधल्या भागात कॉर्कची सालं, प्लास्टिकची पानं, वाळका पालापाचोळा. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत उघड्यावर न येता जाता आलं पाहिजे. दुसरी, फटी. इथल्या लाकडी व्हिव्हेरियमला (अशा प्राण्यांच्या पेटीला) पुढे सरकत्या काचा असतात आणि दोन काचा जिथे एकमेकींवर येतात तिथे उभी फट राहते. मागे वायरीचं भोक असतं. डोकं गेलं की अख्खं पिल्लू गेलं, असं धरून चालावं. आम्ही प्रत्येक फटीत पेन्सिलीचं टोक घालून बघितलं, काचांमधल्या फटीत पारदर्शक पट्टी बसवली, वायरीच्या भोवती स्पंज कोंबला. हे जमणार नसेल तर पहिले काही महिने झाकण घट्ट बसणारा हवेशीर प्लास्टिकचा डबा चालतो, स्वस्तही पडतो. पण तो डबा म्हणूनच विकत घ्यावा, १८५ पौंडांचा संच म्हणून नाही. आणि उष्णतेचं कोणतंही साधन थर्मोस्टॅटशिवाय लावायचं नाही. यात तडजोड करून विकणाऱ्याकडून मी तरी पाण्याचं भांडंसुद्धा घेणार नाही.

नव्या पेटीत गेल्यावर जिलबीला आठवडाभर हात लावला नाही. त्यानंतर पहिल्याच पिंकीवर ती तुटून पडली.

पैशांचं काय झालं ते सांगतो, कारण इथे राहणारे बरेच जण 'जाऊ दे' म्हणून गप्प बसतात. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार वस्तू वर्णनाप्रमाणे आणि सांगितलेल्या कामासाठी योग्य असावी लागते. तशी नसेल तर पहिल्या ३० दिवसांत ती नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. मी तसं ईमेलने कळवलं. सोबत दोन्ही लेबलांचे फोटो, पावती आणि थर्मामीटरचे आकडे जोडले. उत्तर आलं नाही. मग क्रेडिट कार्डाच्या बँकेकडे गेलो. १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ खाली, वस्तूची किंमत १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंत असेल तर विक्रेत्याइतकीच बँकही जबाबदार असते. संच एकच वस्तू म्हणून बिलावर होता, म्हणून बसला कलमात. तेच वेगवेगळ्या किरकोळ वस्तूंचं बिल असतं तर भांडण अवघड झालं असतं. बँकेने पैसे परत केले. रोखीने दिलेल्या पैशांना हे कवच नाही, आणि 'रोख द्या, दहा पौंड कमी करतो' असा आग्रह त्याने का धरला होता हेही तेव्हा उमगलं.

इंग्लंडमध्ये पाळीव प्राणी विकण्याच्या धंद्याला २०१८ च्या नियमांनुसार स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. तो दुकानात लावलेला असावा लागतो, आणि प्राण्याची निगा कशी राखायची याची माहिती गिऱ्हाइकाला द्यावी लागते. आम्हाला मिळालेल्या कागदावर फक्त दुकानाची वेळ आणि सवलतीचा कोड होता. तो कागद तक्रारीला जोडला. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली, तिथून प्रकरण ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे गिऱ्हाइकांच्या फसवणुकीची चौकशी करणाऱ्या सरकारी विभागाकडे जातं.

पुण्याच्या मावसभावाने हे सगळं ऐकून विचारलं की तिकडे असा साप कुठे मिळेल. त्याला जे सांगितलं तेच इथे. भारतात धामण, नाग, अजगर असे आपल्याकडचे साप घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, पेटी कितीही मोठी असो. परदेशी जातींपैकी बॉल पायथनसारख्या साइट्स करारातल्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) प्राण्यांची, कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. 'कागदपत्रं मागाहून देतो' म्हणणाऱ्याकडून घेतलेल्या सापाचे कागद पुढे कोण देणार?

परवा त्या दुकानाची जाहिरात पुन्हा दिसली. पेटी तीच, मॅट तीच, थर्मोस्टॅट अजूनही नाही. 'प्रौढ' शब्द काढून तिथे 'स्टार्टर' आलाय, आणि किंमत १९९ पौंड.