पसरणी घाटात नऊ महिने : नवे ब्रेक पॅड आणि उतरायची बदललेली पद्धत

गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. मी राहतो वाईत, नोकरी पाचगणीत. म्हणजे आठवड्यातले सहा दिवस पसरणी घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. गेल्या जूनमध्ये पुढचे पॅड बदलले, त्यानंतर ११ हजार किलोमीटर झाले.

आधीचे पॅड १६ हजारांतच गेले होते, आणि जाताना चांगलंच घाबरवून गेले. मेमधली संध्याकाळ, मागच्या सीटवर आई. अर्धा घाट उतरलो तोच जळका वास आला आणि पुढच्या वळणाला पेडल नेहमीपेक्षा खूप खाली गेलं, स्पंजवर पाय ठेवल्यासारखं. दुसऱ्या गिअरवर, मग पहिल्यावर आणून गाडी कशीबशी कडेला घेतली. चाकाजवळ हात नेला तर झळ लागत होती. अर्धा तास थांबलो, पेडल पुन्हा घट्ट झालं, पण आई घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

मेस्त्रींनी पॅड काढून हातात दिला. घासणारा भाग काचेसारखा चकचकीत झालेला. ब्रेक ऑइल तीन वर्षं बदललं नव्हतं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ या दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ती मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल खाली जातं. त्यांनी विचारलं, "साहेब, चढताना कुठला गिअर लावता?" म्हटलं, दुसरा, कधी तिसरा. "मग उतरताना पण तोच."

मी उतरायचो चौथ्यात, पाय सतत ब्रेकवर हलका टेकवून. तेच चुकत होतं. वाई ते पाचगणी उंचीत साधारण सहाशे मीटरचा फरक आहे. हजार किलोची गाडी तेवढी खाली आणताना जी ऊर्जा निघते, तिच्यावर पंधरा-अठरा लिटर पाणी उकळेल. मी त्यातली बहुतेक उष्णता त्या चार छोट्या पॅडांवर आणि मागच्या ड्रमवर टाकत होतो.

आता माथ्यावरच दुसरा गिअर. इंजिन घरघरतं, घाबरायचं कारण नाही. काटा रेड लाइनच्या, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांच्या मीटरवरच्या लाल पट्ट्याच्या, खाली असला की झालं. वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, ब्रेक ठामपणे दोन-तीन सेकंद दाबायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. त्या मधल्या वेळातच डिस्कला वारा लागतो. मागून कोणी हॉर्न वाजवला तर जागा बघून पुढे जाऊ देतो. न्यूट्रलवर उतरून पेट्रोल वाचतं असं अजूनही लोक सांगतात. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत ते उलट आहे. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होतं, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. आणि इंजिन बंद करून उतरणं तर जिवाशी खेळ आहे, कारण ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. दोन-तीनदा दाबलं की पेडल दगडासारखं होतं.

पॅडबद्दल सांगायचं तर, १,४५० रुपयांचे साधेच आहेत. फेब्रुवारीत चाक काढून मोजले : १० मिलिमीटरपैकी ७ शिल्लक. ३ वर आले की बदलणार. मेपासून जळका वास एकदाही आला नाही. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन ब्रेकना खरखर यायची, ती डिस्कवरच्या गंजाची, लगेच जायची. मागच्या ड्रममधले लायनर, म्हणजे तिथले घासणारे भाग, अजून उघडून पाहिलेले नाहीत. ते एप्रिलमध्ये, पाऊस लागायच्या आत.