नाशिकमध्ये फेसलिफ्ट: कोटेशन कसं वाचावं आणि पैसे कुठे वाचवू नयेत

गंगापूर रोड, कॉलेज रोड, मुंबई नाका या भागात प्लास्टिक सर्जरीची सोय असलेली हॉस्पिटलं आता बरीच झाली आहेत. फेसलिफ्टसाठी मुंबईच गाठायला हवी, असं राहिलेलं नाही. पूर्ण फेसलिफ्टचं कोटेशन इथे साधारण दीड ते साडेतीन लाखांच्या दरम्यान मिळतं. मुंबईत तीन लाखांपासून सुरुवात होते आणि नावाजलेल्या सर्जनकडे आकडा सहा-सात लाखांवर जातो. पण दोन कोटेशनं शेजारी ठेवून पाहिली की कळतं, एकात भूल धरली आहे, दुसऱ्यात नाही. एकात मान आहे, दुसऱ्यात फक्त गाल. असे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात काही अर्थ नसतो.

आधी ऑपरेशन काय आहे ते पाहू, कारण किंमत तिथूनच ठरते. गालाच्या कातडीखाली चरबीचा थर असतो आणि त्याखाली स्नायूंना धरून ठेवणारा एक चिवट पडदा. डॉक्टर मंडळी त्याला ‘स्मास’ म्हणतात; मित्झ आणि पेरोनी या फ्रेंच डॉक्टरांनी 1976 मध्ये त्याचं नेमकं वर्णन केलं. वय वाढतं तशी कातडी सैल होतेच, पण हा पडदा आणि त्यावरची चरबीही खाली उतरते. गालफडं लोंबतात, जबड्याची रेघ मोडते, हनुवटीखाली झोळी दिसू लागते. नुसती कातडी ओढून शिवली तर काम दीड-दोन तासांत होतं आणि स्वस्तही पडतं. मात्र सगळा ताण टाक्यांवर येतो. व्रण रुंद होतो, कानाची पाळी खाली ओढली जाते आणि वर्ष-दोन वर्षांत चेहरा पुन्हा पहिल्यासारखा सैल पडतो.

स्मास उचलून वर टाके घालून पक्का केला तर ताण आत राहतो आणि कातडी वरून नुसती बसवायची असते. मानेसह याला तीन ते चार तास लागतात. ‘डीप प्लेन’ पद्धतीत, जी अमेरिकन सर्जन हॅमरा यांनी 1990 मध्ये मांडली, सर्जन स्मासच्या खाली शिरतो आणि चेहरा हाडाला धरून ठेवणारे बंध सोडवून सगळा थर एकत्र वर घेतो. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या फांद्या तिथून अगदी जवळून जातात. वेळ चार ते सहा तास, आणि हात तितका सरावलेला हवा. म्हणून तंत्र कोणतं, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारायचा. ‘मिनी लिफ्ट’, ‘लंच टाइम लिफ्ट’, ‘वीकेंड लिफ्ट’ ही जाहिरातीतली नावं आहेत. त्यांत स्मासला हात लावणार की नाही, हे नावावरून कळत नाही. कोटेशनवर तंत्राचं नाव आणि मान धरली आहे की नाही, हे दोन्ही लिहून घ्या.

आता बिल. मानेसह स्मास लिफ्ट, पूर्ण भूल, एक रात्र मुक्काम असं धरून नमुन्यादाखल मांडणी करू. सर्जनची फी 1,20,000. भूलतज्ज्ञ 30,000, सर्जनच्या फीचा पाव ते तिसरा हिस्सा हा जुना रिवाज आहे, त्यामुळे हा आकडा फारच कमी दिसला तर भूल कोण देणार हे विचारायलाच हवं. चार तासांचं ऑपरेशन थिएटर (ओटी) 35,000. टाक्यांचा धागा, ड्रेन (साचणारं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी), औषधं, कन्झ्युमेबल्स म्हणजे एकदाच वापरायच्या वस्तू 20,000. खोली आणि नर्सिंग 4,500. बेरीज 2,09,500. यावर जीएसटी 18% धरला तर 37,710; सध्याचा दर हॉस्पिटलकडून विचारून घ्या. झाले 2,47,210. पॅकेजबाहेर रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि फिजिशियनचं फिटनेस सर्टिफिकेट मिळून सहा हजार. हनुवटीखालून बांधायचा पट्टा तीन हजार. घरी घ्यायची औषधं चार हजार. हातातून जाणारी रक्कम 2,60,210. ‘दोन लाखांच्या आसपास’ असं फोनवर सांगितलेलं काम असं अडीच लाखांच्या पुढे जातं, आणि यात कोणी फसवलेलं नसतं; फोनवर फक्त वरची बेरीज सांगितलेली असते.

जीएसटीबद्दल गोंधळ फार आहे. आजारावरचे उपचार करमुक्त आहेत, पण केवळ रूप सुधारण्यासाठीची कॉस्मेटिक सर्जरी त्या सवलतीत येत नाही. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, अपघात किंवा इजा यांमुळे बिघडलेला अवयव पूर्ववत करायची प्लास्टिक सर्जरी मात्र करमुक्त राहते. फेसलिफ्ट बहुतांश वेळा रूप सुधारण्याच्या प्रकारात मोडतं. कर लावला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक असला पाहिजे. ‘बिल नको असेल तर जीएसटी वाचेल’ असं कुठे ऐकू आलं तर तिथून उठावं. पुढे काही बिघडलं तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात उभं राहायला पावतीच लागते. पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केलेलं आहे.

मेडिक्लेमची आशा धरू नका. कॉस्मेटिक सर्जरी हा पॉलिसीतला ठरलेला अपवाद असतो. त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीचा खर्चही बहुतेक वेळा खिशातूनच जातो, आणि लोक नेमकं हेच विसरतात. त्यामुळे कोटेशनवरची सर्वांत महत्त्वाची ओळ ही: पुन्हा ओटीत न्यावं लागलं तर पैसे कोणी द्यायचे? चांगले सर्जन अशा वेळी स्वतःची फी घेत नाहीत, पण ओटी आणि भूल यांचे पैसे लागू शकतात. हे आधी, लेखी.

पुन्हा ओटीत न्यायची वेळ येते ती मुख्यतः हिमॅटोमामुळे, म्हणजे कातडीखाली रक्त साचल्यामुळे. फेसलिफ्टनंतरची ही सर्वांत सर्रास आढळणारी मोठी गुंतागुंत, आणि ती बहुधा पहिल्या 24 तासांत होते. पुरुषांमध्ये प्रमाण जास्त, कारण दाढीच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो. बीपी वाढलेलं, उलट्या झाल्या, जोराचा खोकला आला, की धोका वाढतो. खूण ओळखायला सोपी आहे: दोन्ही गालांना सारखी सूज असणं ठीक, पण एकच बाजू झपाट्याने फुगली, ताणली आणि दुखायला लागली तर सकाळची वाट पाहायची नाही. रक्त काढलं नाही तर दाबाने वरची कातडी काळी पडून मरते. ड्रेन घातलेला असला तरी हिमॅटोमा होऊ शकतो. ड्रेनने निळेपणा आणि पाझर कमी होतो, एवढंच.

म्हणूनच पहिल्या रात्रीचा मुक्काम आणि पूर्णवेळ भूलतज्ज्ञ या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नयेत. नाशिकच्या काही ठिकाणी मुंबई-पुण्याचे सर्जन शनिवार-रविवारी येऊन ऑपरेशन करतात. हात चांगला असतो, दरही मुंबईपेक्षा कमी पडतो. पण डॉक्टर संध्याकाळीच परत निघणार असतील, तर रात्री दोन वाजता टाके उघडून रक्त थांबवणारा माणूस कोण? रात्री धावून येणाऱ्या त्या सर्जनचं नाव आणि तो रात्री नाशिकमध्येच असणार याची खात्री मिळाली नाही, तर ही सोय आम्ही सुचवणार नाही. मालेगाव, येवला, सिन्नरकडून येणाऱ्यांनी किमान दोन-तीन रात्री शहरात राहायची तयारी ठेवावी. मुंबईला जाऊन करायचं असेल तर टाके निघेपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, तिथला मुक्काम आणि सोबतच्या माणसाचा खर्च हिशोबात धरा. सूज असलेल्या चेहऱ्याने तिसऱ्या दिवशी कसारा घाट चढून यायचं आणि पाचव्या दिवशी टाक्यांसाठी परत उतरायचं, हे कोणाच्याच सोयीचं नाही. एवढं सगळं धरलं की मुंबई-नाशिक दरातला फरक आणखी वाढतो. साध्या पहिल्या फेसलिफ्टसाठी नाशिकच पुरेसं आहे. आधी एकदा झालेलं फेसलिफ्ट दुरुस्त करायचं असेल किंवा डीप प्लेनच हवं असेल, तर त्या कामाचा रोजचा सराव असलेला सर्जन शोधावा, मग तो मुंबईत का असेना.

सर्जनची पदवी पाहताना एमबीबीएस, एमएस यांपुढे प्लास्टिक सर्जरीतलं एमसीएच किंवा डीआरएनबी आहे का ते बघा. जुन्या डॉक्टरांकडे डीएनबी प्लास्टिक सर्जरी असतं. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पाटी कोणतीही पदवी सांगत नाही. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत तपासता येतो. दाखवलेल्या फोटोंत चेहऱ्याआधी कान पाहा. पाळी गोल आणि मोकळी आहे, की गालाला चिकटून टोकदार झाली आहे? कानाच्या भोकासमोरचा छोटा उंचवटा जागेवर आहे, की पुढे ओढला जाऊन भोक उघडं पडलं आहे? केस वर बांधलेला, बाजूने काढलेला, वर्षभरानंतरचा फोटो मागा. कानामागच्या केसांच्या रेषेत पायरी पडलेली असेल तर तो सर्जन ताण कातडीवर देतो, असं समजावं. समोरून काढलेले, मेकअप केलेले, महिन्याभराचे फोटो काहीच सांगत नाहीत, कारण तेव्हा सुजेनेच सुरकुत्या भरलेल्या असतात.

पुरुषांना हे सहसा कोणी सांगत नाही: कातडी मागे सरकली की दाढीही सरकते. कल्ल्याजवळचा बिनकेसांचा पट्टा अरुंद होतो आणि कानामागे दाढी करावी लागते. चीर कानाच्या आतून न्यायची की पुढून, हा निर्णय त्यावर ठरतो.

तंबाखू आणि सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद. मशेरी, गुटखा आणि निकोटिनची च्युइंगमही यात आली. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि कानामागची कातडी, जिथे रक्त सर्वांत शेवटी पोहोचतं, ती काळी पडते. लपवाल तर नुकसान तुमचंच. अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करणारी इतर औषधं, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई यांची यादी द्या. हृदयासाठी सुरू असलेली गोळी मात्र आपल्या मनाने कधीही थांबवू नका, ते हृदयरोगतज्ज्ञच ठरवतील.

फेसलिफ्टने काय होत नाही, हेही पैशांशी जोडलेलं आहे. कपाळाच्या आठ्या, डोळ्यांखालच्या पिशव्या, ओठांवरच्या उभ्या रेषा, वांग आणि डाग तसेच राहतात. पापण्यांचं ऑपरेशन किंवा चरबी भरणं त्याच वेळी करून घेतलं तर भूल आणि मुक्कामाचा खर्च एकदाच पडतो, आणि ही खरी बचत आहे. थ्रेड लिफ्टला, म्हणजे कातडीखाली धागे घालून चेहरा ओढून घेण्याला, आम्ही पर्याय मानत नाही. त्यातले पीडीओ या विरघळणाऱ्या पदार्थाचे धागे साधारण सहा महिन्यांत विरघळतात, उचल क्वचितच वर्षभर टिकते आणि आतल्या व्रणांमुळे पुढचं फेसलिफ्ट अवघड होऊ शकतं. स्मासचं चांगलं काम सात ते दहा वर्षं उपयोगी पडतं. म्हणजे अडीच लाखांचा वर्षाचा हिशोब पंचवीस ते पस्तीस हजार. पन्नाशीच्या आत असाल आणि सैलपणा नुकताच सुरू झाला असेल, तर इतक्यात हे पैसे घालू नका. वजन कमी करायचं असेल तर ते आधी करा आणि किमान सहा महिने स्थिर राहू द्या.

तारखेबाबत. कानापुढचे टाके पाच ते सात दिवसांत, मागचे दहाव्या दिवशी निघतात. निळेपणा दोन-तीन आठवडे राहतो, कानाभोवतीचा बधिरपणा काही महिने. घरात लग्न असेल तर मुहूर्ताच्या किमान तीन महिने आधी ऑपरेशन होऊन गेलेलं हवं. केसांना कलप किंवा मेंदी सहा आठवडे नको, जड कुड्याही नकोत. स्कूटरवर जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की हेल्मेटचा पट्टा आणि कडा नेमक्या टाक्यांवर दाबतात. महिना-दीड महिना रिक्षा किंवा गाडी. मे महिन्याचं ऊन कोवळ्या व्रणाला काळं करतं, म्हणून जमत असेल तर दिवाळीनंतरचे दिवस निवडा. 2027 मध्ये सिंहस्थाच्या पर्वण्यांच्या आसपास तारीख घेऊ नका, कारण पंचवटीकडून कॉलेज रोडला तपासणीसाठी वेळेवर पोहोचणंच कठीण होईल.

बुकिंगची रक्कम भरताना एक अट लिहून घ्या: ऑपरेशनच्या दिवशी बीपी किंवा साखर वाढलेली निघाली आणि भूलतज्ज्ञांनी नकार दिला, तर तारीख पुढे जाईल, पैसे बुडणार नाहीत. ही अट मान्य नसेल तर रुग्ण आणि डॉक्टर दोघांवरही त्या दिवशी ‘आता करूनच टाकू’ असा दबाव येतो, आणि बीपी 170 असताना केलेलं फेसलिफ्ट हिमॅटोमाला आमंत्रण ठरतं.