अंतराळाचा इतिहास घरी शिकवला : आठ महिन्यांनंतरचा हिशोब

जूनमध्ये सुरू केलं होतं, आता फेब्रुवारी संपत आला. मुलगा पंधराचा. आठवीनंतर शाळा सुटली, घरीच शिकतो, दहावी एनआयओएस या मुक्त शाळेच्या बोर्डातून देणार. आम्ही अमळनेरला राहतो. शिकवते मीच, म्हणजे आदल्या रात्री वाचून दुसऱ्या दिवशी आपल्याला आधीपासून माहीत असल्यासारखा चेहरा करते.

"प्रोजेक्ट करत करत इतिहास" ही कल्पना ऐकायला गोड वाटते. प्रत्यक्षात तिचा पहिला महिना आमच्याकडे वायाच गेला. ऑनलाइन एक पेटी मागवली होती, दोन हजार आठशेला. आत माणसांना चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-5 रॉकेटचे प्लायवूडचे तुकडे, रंगीत पुस्तिका, आणि भारताच्या वाट्याला शेवटची दीड पानं. पोराने दीड दिवसात रॉकेट उभं केलं आणि ते शोकेसवर चढलं. आठवड्याने सहज विचारलं, "यात तीन टप्पे का असतात रे?" म्हणाला, "पेटीत तीन तुकडे होते म्हणून."

तिथेच मी पेटी बंद केली. मॉडेल बनवायचं नाही, त्या माणसांपुढे जी अडचण होती तीच घरातल्या सामानात उभी करायची, असं ठरवलं. पुढच्या सात महिन्यांत जे काही डोक्यात बसलं ते यातूनच बसलं.

सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी निघाली ती सुतळी. ओट्यापासून मागच्या दारापर्यंत बांधली, एक महिना म्हणजे एक सेंटिमीटर, आणि कपड्यांच्या चिमट्यांनी चिठ्ठ्या. 4 ऑक्टोबर 1957 चा स्पुटनिक, म्हणजे पहिला कृत्रिम उपग्रह, ओट्याशी. तिथून माणूस चंद्रावर उतरेपर्यंतचं अंतर 1 मीटर 41 सेंटिमीटर! डिसेंबर 1972 मधला शेवटचा माणूस 1 मीटर 82 वर. त्यानंतर मागच्या दारापर्यंत सहा मीटर सुतळी, आणि चंद्रावर माणूस नाही. पोरगा त्या मोकळ्या सुतळीकडे बराच वेळ बघत होता. इस्रोची चिठ्ठी, 15 ऑगस्ट 1969, आर्मस्ट्राँगच्या चिठ्ठीला चिकटूनच लावावी लागली, कारण मध्ये महिनासुद्धा नाही. सनावळ्या पाठ करायला मी एकदाही सांगितलं नाही. येता-जाता डोक्याला चिठ्ठ्या लागायच्या, त्यातून जेवढं झालं तेवढं झालं.

आता तारेचं सांगते, कारण तिच्यात आमच्या दोन अख्ख्या दुपारी गेल्या. अपोलो यानातल्या संगणकाचा कायमचा प्रोग्रॅम हाताने विणलेला होता. तार बारीकशा चुंबकीय कड्यातून गेली तर 1, बाहेरून गेली तर 0. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅमच्या कारखान्यात बायका बसून हे विणत. असे 36,864 शब्द, प्रत्येकी 16 खुणा (0 किंवा 1), म्हणजे पाच लाखांच्या वर. आम्ही एकच शब्द घेतला, थुंबा (केरळातलं गाव, भारताची पहिली रॉकेटं तिथून उडाली), तोही इंग्रजी स्पेलिंगने : सहा अक्षरं, कड्यांच्या जागी सहा वायसर, पाच तारा. वायसर हार्डवेअरच्या दुकानातून, तार मोटार वाइंडिंगवाल्याकडची उरलेली. शेतातल्या पाणबुडी मोटारी जळत राहतात तोवर खानदेशात तांब्याच्या तारेला तोटा नाही.

प्रत्येक अक्षराचा क्रमांक द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 मध्ये, मांडला आणि विणायला बसला. तार गुळगुळीत, एकदा मुडपली की सरळ होत नाही. संध्याकाळी वाचून बघितलं तर थुंबाचं "थुलबा" झालेलं. एम म्हणजे 13, 01101. पाचवी तार एमच्या वायसरमधून जायच्या ऐवजी बाजूने गेली, झालं 01100, म्हणजे 12, म्हणजे एल. ती एक तार दुरुस्त करायला शेवटच्या ए-पासून मागे उसवत यावं लागलं. उसवता उसवता वैतागून म्हणाला, "म्हणजे यांना उड्डाणाच्या किती आधी प्रोग्रॅम पक्का करावा लागत असेल! नंतर बदल सुचला तर काय करायचं?" हे वाक्य पेटीतल्या पुस्तिकेत नव्हतं. सासूबाई मागे उभ्या होत्या. सासरे इथल्या प्रताप मिल या कापड गिरणीत होते, त्यामुळे सासूबाईंना नवल वाटलं नाही. "हाई ते ताना-बाना शे," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. मग गिरणीत काम करणारी, हौशी पॅराशूटवाली व्हॅलेंटिना तेरेश्कोवा 1963 मध्ये अंतराळात जाणारी पहिली बाई कशी झाली, हे सांगायला मला वेगळा धडा घ्यावा लागला नाही.

बैलगाडीवरच्या उपग्रहाचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. पोराचंही मत ठरलेलं : ट्रक घ्यायला पैसे नव्हते. तो उपग्रह म्हणजे ॲपल, 19 जून 1981 ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन रॉकेटने गेला. त्याच्या अँटेनाची चाचणी घ्यायची होती आणि आजूबाजूचं लोखंड लहरी बिघडवतं, म्हणून लाकडी गाडी. हे सांगण्याऐवजी मी फोन गव्हाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवायला लावला. झाकण उघडं असताना रिंग वाजली, घट्ट लावल्यावर "संपर्क क्षेत्राबाहेर". गरिबी नव्हतीच असं माझं म्हणणं नाही. थुंबाला चर्चमध्ये ऑफिस होतं आणि रॉकेटचे भाग सायकलवरून नेले जात. पण कोणता फोटो गरिबीचा आणि कोणता अकलेचा, हे वेगळं करता यायला हवं.

फसलेलंही सांगते. 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेचं चॅलेंजर हे स्पेस शटल 73 सेकंदांत तुटलं, सात जण गेले. थंडीने बूस्टरच्या, म्हणजे बाजूला जोडलेल्या रॉकेटच्या, सांध्यातली रबरी रिंग ताठरली होती. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी चौकशी समितीसमोर त्या रबराचा तुकडा क्लॅम्पमध्ये दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला. आम्ही ऐटीत कुकरची रिंग कापली. ती निघाली सिलिकॉनची, फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवूनही तशीच लवचीक. दोन दिवस वरण पातेल्यात शिजलं. मग पंपाच्या दुकानातून काळी रबरी रिंग आणली, दाबून फ्रीजरमध्ये ठेवली. ती सोडल्यावर मात्र चांगली रेंगाळत मूळ आकारात आली. शटलच्या रबराशी तिचं नातं लांबचंच, हे त्याला सांगून ठेवलं. तरी आदल्या रात्री इंजिनिअरांनी उड्डाण थांबवा म्हणून सांगितलं होतं, हे वाचताना त्याच्या हातात ती रिंग होती.

लायकाचा प्रोजेक्ट केला नाही. 3 नोव्हेंबर 1957 ला गेलेली कुत्री काही तासांतच उष्णतेने मेली आणि हे जगाला 2002 मध्ये कळलं. तो फक्त चिठ्ठी लिहून सुतळीला लावून आला. सगळ्यालाच कात्री-डिंक लागत नाही.

खर्च म्हणाल तर पेटी सोडून सगळं मिळून सातशेच्या आत. वेळ मात्र विचारू नका. एका विषयाला आठवडा सहज जातो, तेवढ्यात गणित मागे पडतं, आणि आमचं पडलंच. परीक्षेसाठी लिहायचा सराव यातून होत नाही, तो जानेवारीपासून वेगळा सुरू केलाय आणि त्यावरून रोज कुरबुर आहे. आई-बाप दोघंही दिवसभर बाहेर असतील तर हे जमणार नाही, असं माझं मत. एकट्याने केलं की पोरगं पुन्हा शोकेसच्या मॉडेलवर जातं. आणि गावचा उपयोग करा. मंगळयान 5 नोव्हेंबर 2013 ला सुटलं तो मंगळवार होता. आमच्याकडे मंगळवारी मंगळ ग्रहाच्या मंदिरापुढे गाड्या लावायला जागा नसते, त्यामुळे ही तारीख पोरगा मरेपर्यंत विसरणार नाही.

सध्या व्हॉयेजर चालू आहे. 1977 च्या त्या दोन यानांवर परग्रहवासीयांसाठी ठेवलेल्या सोनेरी तबकडीत 55 भाषांतले नमस्कार आहेत, त्यात मराठी आहे, गायिका केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. अहिराणी नाही. म्हणून त्याने आजीला मोबाइलपुढे बसवलं, परग्रहावरच्या माणसांना काय सांगशील म्हणून. आजीने पदर नीट केला आणि विचारलं, "जेवन व्हयनं का?" थोडं थांबून, "नही व्हयनं व्हई ते इकडेच या."

मागे कुकरच्या शिट्ट्या आल्यात, नव्या रिंगच्या. त्या काढून टाक म्हटलं तर ऐकत नाही. खऱ्या तबकडीवर पाऊस आहे, रेल्वे आहे, ट्रॅक्टरसुद्धा आहे, म्हणतो.