पीजीची शाखा निवडायला घेतलेलं १२ हजारांचं पॅकेज: अडीच वर्षांनंतर

२०२३ च्या जुलैमध्ये नीट पीजीचं काउन्सेलिंग (एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर जागांचं वाटप) सुरू होणार होतं आणि माझी रँक साडेचार हजारांच्या घरात होती. सोलापूरला इंटर्नशिपमध्ये नवजात कक्षात पोस्टिंग झाली, तेव्हापासून बालरोगच मनात होतं. घरी येणारा प्रत्येक जण मात्र एकच विचारायचा, "रेडिओ (रेडिओलॉजी, म्हणजे एक्स-रे-सोनोग्राफीची शाखा) मिळतंय ना?" शेवटी पप्पांनी पुण्यातल्या एका काउन्सेलिंगवाल्यांचं, म्हणजे प्रवेशाचा सल्ला देणाऱ्यांचं, १२ हजारांचं पॅकेज घेतलं. त्यांचं नाव मी मुद्दाम देत नाही. आता मी बालरोगला जेआर थ्री, म्हणजे एमडीच्या तिसऱ्या वर्षाला, आहे, त्यामुळे तेव्हाचा कोणता सल्ला टिकला आणि कोणता नाही हे अनुभवाने सांगू शकते.

आधी चांगलं. चॉइस फिलिंगमध्ये (कॉलेज-शाखांची पसंतीयादी भरण्यात) त्यांनी खरंच हात धरून नेलं. केंद्राच्या एमसीसी या समितीचा ऑल इंडिया कोटा आणि आपल्या सीईटी सेलचा राज्य कोटा एकाच वेळी चालू असतात. कुठे सीट स्वीकारायची, कुठे अपग्रेडसाठी थांबायचं, दुसऱ्या राउंडची सीट सोडली तर २५ हजारांची अनामत जाते, हे सगळं त्यांनी तारखांसकट समजावलं. रात्री अकरालाही फोन उचलायचे. एकट्याने हे केलं असतं तर माझी एखादी तारीख नक्की हुकली असती.

शाखेचा सल्ला मात्र कच्चा होता. सल्लागारांचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, रेडिओ मिळत असताना पेड्स घेणं म्हणजे रँक वाया घालवणं." हे मी पुढच्या दोन कॉलमध्येही ऐकलं. मी दिलेल्या यादीत मुंबईतल्या शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय सगळ्यात वर होतं. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये तिथे सुरू केली, आणि नवजातशास्त्राचं डीएमही (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी) तिथे आहे. सल्लागारांनी मला न विचारता ते खाली सरकवलं. त्यांची एक्सेल आदल्या वर्षीच्या क्लोजिंग रँकवर (जिथे जागा संपल्या त्या शेवटच्या रँकवर) चालायची, आणि माझं कारण लिहायला तिच्यात रकानाच नव्हता. यादी लॉक करण्याआधी मी पुन्हा वाचली म्हणून लक्षात आलं.

सगळ्यात जास्त राग आला तो "पुढच्या संधी" नावाच्या चार पानांचा. त्यात डीएम, एफएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची फेलोशिप) आणि विद्यापीठांच्या किंवा संघटनांच्या फेलोशिपा एकाच यादीत "फेलोशिप" म्हणून टाकल्या होत्या. या तीन वेगळ्या वाटा आहेत. डीएम किंवा डीआरएनबी (त्याच मंडळाची समकक्ष पदवी) म्हणजे नीट एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षं. एफएनबी साधारण दोन वर्षांची आणि तिची प्रवेश परीक्षा वेगळी. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची किंवा एनएनएफ या नवजाततज्ज्ञांच्या संघटनेची फेलोशिप कामाला उपयोगी पडते, हात तयार होतो, पण तिला डीएमचा दर्जा नाही. आई-वडील हीच पानं वाचून निर्णय घेतात, म्हणून मला हे फार गंभीर वाटतं.

त्याच पानांत लिहिलं होतं की सुपरस्पेशालिटीच्या जागा दरवर्षी रिकाम्या राहतात, त्यामुळे डीएम "मिळतंच". रिकाम्या राहतात हे खरं आहे. पण कोणत्या? मी एमसीसीच्या राउंडनिहाय पीडीएफ उघडून रात्रभर बसले. हृदयशस्त्रक्रिया, बालशल्यचिकित्सा अशा शाखांत जागा पडून होत्या. मुंबई-पुण्यातल्या नावाजलेल्या विभागांतल्या डीएमच्या जागा सुरुवातीलाच भरलेल्या. शिवाय पीजीला मिळतो तसा राज्य कोट्याचा आधार आमच्यासारख्यांना तिथे नाही, गाठ थेट देशभरातल्या मुलांशी. बालरोगच्या एमडीला कार्डिओलॉजीचं डीएम खुलं असलं तरी पेपर मेडिसिनचा द्यावा लागतो, हेही त्या पानांत नव्हतं. एमडीनंतरच्या एका वर्षाच्या सरकारी बॉन्डचा (सक्तीच्या सेवेचा) तर उल्लेखही नव्हता. एमसीसीची ती पीडीएफ फुकट आहे, कुणालाही उघडता येते.

आणि तरीही त्या पॅकेजमधली वीस मिनिटं मी कधी विसरणार नाही. शेवटी एका सीनियरशी कॉल होता. नवजातशास्त्रात डीएम करणारे डॉक्टर, नाइट ड्यूटी संपवून बोलत होते. त्यांनी रँक विचारलीच नाही. म्हणाले, "डीएम मिळालंच नाही, तर तालुक्याच्या गावी ओपीडीत रोज सर्दी-जुलाबाची साठ मुलं बघायला आवडेल का?" मी विचार केला आणि हो म्हटलं. खरंच आवडणार होतं. बार्शीला आमच्या गल्लीतल्या बालरोगतज्ज्ञांकडे मी लहानपणी तासन्‌तास बसलेली आहे. मग म्हणाले, "रेडिओबद्दल तेच उत्तर येतं का बघ." नाही आलं.

त्यांनीच पुढे सांगितलं की प्रत्येक कॉलेजच्या जेआर टूला फोन कर. महिन्याला किती बाळंतपणं होतात, व्हेंटिलेटर किती चालू आहेत, नाइट सलग किती पडतात, सीनियर शिरेत लाइन टाकायला शिकवतात का, हे विचार. मी सात फोन केले आणि यादीतली दोन नावं खाली गेली.

शीव मिळालं नाही. दुसऱ्या एका सरकारी कॉलेजात लागले. गेल्या महिन्यात २८ आठवड्यांचं, ९५० ग्रॅमचं बाळ सीपॅपवरून (श्वासाला आधार देणाऱ्या यंत्रावरून) निघालं आणि आईच्या छातीशी कांगारू पद्धतीने ठेवलं, तेव्हा सिस्टर आणि मी दोघी काही न बोलता मॉनिटरकडे बघत उभ्या होतो. नीट एसएसचा अभ्यास चालू आहे. सीट नाही मिळाली तर बॉन्ड करून बार्शीला जायचं, हे घरी सांगून झालंय.

पाचपैकी अडीच तारे: दोन चॉइस फिलिंगला आणि अर्धा पॅकेजमध्ये तो कॉल ठेवल्याबद्दल. बाकी श्रेय त्या डॉक्टरांचं. मामेबहीण यंदा नीट पीजी देतेय. तिला मी पॅकेज घेऊ नको म्हटलंय, सात फोन नंबर दिलेत आणि पीडीएफ कशी वाचायची ते रविवारी शिकवणार आहे.