जास्त पैसे मोजून घेतलेलं ‘एथिकल’ जॅकेट: वर्षभराच्या वापरानंतर

कारागिरांना रास्त मोबदला आणि निसर्गाला कमी त्रास, या दोन वचनांवर चढी किंमत लावणाऱ्या कपड्यांपैकी मी तीन घेतले: पावसाचं जॅकेट, मेरिनो लोकरीचा आतून घालायचा टी-शर्ट आणि रिसायकल्ड पॉलिएस्टरचं फ्लीस, म्हणजे मऊ लोकरीसारखं उबदार जॅकेट. जवळपास वर्षभर ट्रेकला, सायकलवर आणि रोजच्या जाण्या-येण्यात हेच वापरतेय. जॅकेटचे पैसे वसूल होत आहेत, मेरिनोचे झाले. फ्लीसचे झाले नाहीत आणि होतील असं वाटतही नाही.

जॅकेटबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त पैसे त्यातच जातात. पावसाच्या चांगल्या जॅकेटमध्ये पाणी अडवायचं खरं काम आतला पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन करतो. बाहेरच्या कापडावर वेगळं कोटिंग असतं. त्यामुळे पाण्याचे थेंब कापडात न मुरता घरंगळून जातात. हे कोटिंग वर्षानुवर्षं पीफास (PFAS) या फ्लोरिनयुक्त गटातल्या रसायनांचं असायचं. ही रसायनं निसर्गात लवकर विघटित होत नाहीत, पाण्यात आणि माणसाच्या रक्तातही सापडतात. त्यातल्या पीएफओए या रसायनावर 2019 मध्ये स्टॉकहोम करारात (दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रदूषकांवरचा आंतरराष्ट्रीय करार) बंदीचा निर्णय झाला. कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2025 पासून कपड्यांमध्ये मुद्दाम घातलेल्या पीफासवर बंदी आणली, फक्त अतिपावसात वापरायच्या खास कपड्यांना 2028 पर्यंत मुदत दिली. असे पडदे बनवणाऱ्या गोर-टेक्सनेही 2022 मध्ये जुन्या फ्लोरिनयुक्त पडद्याला पर्याय म्हणून पॉलिएथिलीनवर आधारलेला पडदा बाजारात आणला.

माझं जॅकेट पीफास नसलेलं आहे, आणि त्याचा वापरावर परिणाम होतो. नवं कोटिंग पाण्याला अडवतं, तेलाला नाही. त्यामुळे घाम, सनस्क्रीन, त्वचेचा तेलकटपणा लागेल तिथे ते आधी निकामी होतं. सॅकचे पट्टे जिथे घासतात ते खांदे, कॉलरची आतली कड, मनगटं. पाऊस सुरू झाला की बाकी जॅकेटवरून थेंब मण्यांसारखे ओघळतात आणि खांद्यावर मात्र पट्ट्याच्या रुंदीचे गडद डाग पसरायला लागतात. पाणी आत आलेलं नसतं, पण ओलं कापड पडद्यावर चिकटून बसतं, घामाची वाफ बाहेर पडेनाशी होते आणि आतून दमट, गार वाटायला लागतं. ‘जॅकेट गळतं’ अशी तक्रार अनेक जण करतात, ती बऱ्याचदा हीच असते.

उपाय आहे आणि तो सोपा आहे: धुणं. महागाचं जॅकेट धुवायचं नाही, धुतलं की खराब होतं, हा समज डोक्यातून काढून टाका. सगळ्या चेन आणि वेल्क्रो बंद करून, लिक्विड साबणाने, वॉशिंग मशीनच्या सौम्य सेटिंगवर धुवायचं. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. साबणाचा अंश उरला तरी पाणी मुरतं, म्हणून दोनदा खळबळायचं. मग लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये मंद उष्णतेवर फिरवायचं. उष्णतेने कोटिंग पुन्हा जागं होतं. माझ्या जॅकेटचे खांदे प्रत्येक वेळी एवढ्याने सुधारले. एवढं करूनही थेंब ओघळेनासे झाले तरच वरून नवं कोटिंग द्यायचं. ज्यांना हे करायचा कंटाळा आहे, त्यांनी असं जॅकेट घेऊ नये असंच मी सांगेन. नीट निगा राखलेलं साधं जॅकेट न धुतलेल्या भारी जॅकेटपेक्षा बरं.

आता दुरुस्ती. माझ्या मते किमतीचं खरं समर्थन इथे आहे. काटेरी झुडपात बाहीला चीर गेली, आणि पुढची चेन खालच्या टोकाला अडकायला लागली. जॅकेट धुऊन कंपनीच्या दुरुस्ती केंद्राकडे पाठवलं. परत यायला बरेच आठवडे लागले, आणि हा त्रास खरा आहे, कारण नेमकं पावसात ते हाताशी नव्हतं. पण काम पाहून समाधान वाटलं. चेनचा फक्त सरकता भाग बदलला होता, पूर्ण चेन उसवली नव्हती. चिरेवर बाहेरून कोपरे गोल कापलेलं ठिगळ होतं (टोकदार कोपरे लवकर उचकटतात), आणि आतून शिवणीवर नवी टेप दाबून बसवली होती. ठिगळाचा रंग थोडा वेगळा आहे. मला तो आवडतो.

मोबदल्याच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवून लेबल वाचा. 2013 मध्ये बांगलादेशातली, कपडे शिवायचे कारखाने असलेली राणा प्लाझा इमारत कोसळून 1,100 हून अधिक माणसं गेली, तेव्हापासून मला ‘हे कोणी शिवलं’ हा प्रश्न बाजूला ठेवता आलेला नाही. पण हिरव्या रंगाचा प्रत्येक शिक्का या प्रश्नाचं उत्तर देत नाही. ब्लूसाइन मुख्यतः रसायनं आणि उत्पादनप्रक्रिया बघतं. रिस्पॉन्सिबल डाउन स्टँडर्ड हे जॅकेटमध्ये भरायची पिसं ज्यांच्यापासून येतात त्या पक्ष्यांना कसं वागवलं ते बघतं. कामगारांसाठी बघायचं तर फेअर वेअर किंवा फेअर ट्रेड शोधा. फेअर ट्रेडमध्ये ब्रँड ठरावीक जादा रक्कम देतो आणि ती कशी वापरायची ते कामगार ठरवतात. हे चांगलंच आहे, पण याचा अर्थ प्रत्येकाला घर चालेल एवढा पगार मिळतो असा नाही. पॅटागोनिया या अमेरिकन कपड्यांच्या कंपनीची मालकी 2022 मध्ये मालक कुटुंबाने ट्रस्ट आणि पर्यावरणासाठीच्या संस्थेकडे सोपवली, त्याचं मला मनापासून कौतुक आहे. तरी नफा कुठे जातो आणि शिवणाऱ्या बाईच्या हातात किती पडतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कारखान्यांची नावं आणि पगाराची माहिती उघड करणाऱ्या ब्रँडला मी जास्त पैसे देईन. नुसते डोंगरांचे फोटो आणि ‘जबाबदार’ हा शब्द छापणाऱ्याला नाही.

फ्लीसने निराश केलं. उबदार आहे, हलकं आहे, पण काखेत आणि सॅकच्या पट्ट्यांखाली लवकरच गोळे आले. ‘रिसायकल्ड’ हे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. ते पॉलिएस्टर बहुतेक वेळा पाण्याच्या बाटल्यांपासून येतं, जुन्या कपड्यांपासून नाही. आणि धुताना त्यातून प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातातच, मग ते रिसायकल्ड असो वा नसो. फ्लीस सेकंडहँड घ्या. फ्लीसला ना पडदा असतो ना कोटिंग, त्यामुळे वापरलेलं घेऊन फारसं काही गमवावं लागत नाही.

मेरिनोबद्दल थोडक्यात: सलग काही दिवस घातला तरी वास येत नाही, म्हणून धुणं कमी. मेंढ्यांचं म्युलसिंग (माश्यांचा त्रास टाळायला शेपटीजवळची कातडी कापून काढणं) केलेलं नाही एवढं लेबलवर तपासा. कापड अगदी पातळ असेल तर सॅकच्या कमरपट्ट्याजवळ छिद्रं पडतात, तेव्हा जरा जाड वजनाचा टी-शर्ट घ्या.

तुमचं जुनं जॅकेट अजून पाणी अडवत असेल तर नवं एथिकल घेण्यापेक्षा तेच धुऊन वापरा. पॅटागोनियानेच 2011 मध्ये आपल्या जॅकेटच्या फोटोवर ‘हे जॅकेट विकत घेऊ नका’ अशी जाहिरात दिली होती, आणि तो सल्ला योग्यच होता. नवं घ्यायचंच असेल तर पैसे भरण्याआधी कंपनीला लेखी विचारा: दुरुस्ती कुठे होते, किती वर्षं मिळते, पाठवण्याचा खर्च कोणाचा, आणि चेनचे सुटे भाग मिळतात का. मला एका कंपनीकडून यावर गोलमोल उत्तर आलं आणि मी तिथला विचार सोडला. आत्ताच्या कंपनीने चारही प्रश्नांची उत्तरं सरळ दिली होती.