पेन्शनरचं लीचेस : काही महिने मनसोक्त हरल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या मंडळींना पुढचं वाचायला नको. तुम्ही निवृत्त असाल, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत पट मांडून बसायची सवय असेल आणि आता समोर बसायला माणूस मिळत नसेल, तर लीचेस ही ऑनलाइन बुद्धिबळाची फुकट वेबसाइट जरूर वापरा. खेळ सुधारेल, मेंदू तल्लख राहील, नातेवाइकांत मान वाढेल, यातलं काही होईलच असं नाही. माझं झालेलं नाही. पण दुपारी अडीच ते चार हा जो निवृत्त माणसाचा वैरी वेळ असतो, तो झकास जातो.

माझी पात्रता सांगतो. विमा कंपनीत क्लेम खात्यात नोकरी, बुद्धिबळ फक्त डब्यानंतरचं. ऑफिसच्या स्पर्धेत एकदा उपांत्य फेरी गाठली, तीही समोरच्याची नागपूरला बदली झाली म्हणून. तेव्हा हा अभिप्राय कुणा तज्ज्ञाचा नाही, हे लक्षात ठेवूनच वाचा.

फुकट म्हटलं की आमच्या पिढीला पहिल्यांदा संशय येतो. पैसे नक्की कुठे मागणार, हे मी पहिल्या दिवशी शोधून काढलं. कुठेच मागत नाहीत. थिबो ड्यूप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० साली हे सुरू केलं. जाहिराती नाहीत, प्रोग्रामचा कोड सगळ्यांना खुला आणि खर्च देणग्यांवर चालतो. देणगी दिलीत तर नावाशेजारी पंखाचं छोटं चित्र येतं, बाकी सवलत शून्य. पैसे देणारा आणि न देणारा दोघेही सारख्याच सोयीने हरतात. हे मला फार आवडलं.

खातं उघडलं की लगेच १५०० रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, मिळतं आणि त्यापुढे एक प्रश्नचिन्ह असतं. म्हणजे तुमच्याबद्दल अजून खात्री पटलेली नाही. पुरेसे डाव झाले की प्रश्नचिन्ह जातं. माझं गेलं तेव्हा सोबत बरेचसे गुणही घेऊन गेलं. इथे एक सूचना : इथले आकडे बहुतेक वेळा फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, रेटिंगपेक्षा चढे असतात. त्यामुळे कुणी लग्नाच्या पंगतीत “माझं ऑनलाइन सतराशे आहे” म्हणाला, तर जिलबी वाढून घ्या आणि विषय बदला.

पहिले काही आठवडे हा आकडा माझ्या डोक्यात बसला होता. चहा आधी की आकडा आधी, अशी सकाळ. मग सेटिंग्जमध्ये सापडलं की खेळाडूंचं रेटिंग दिसूच नये अशीही सोय आहे. ती चालू केली आणि खेळाची चव परत आली. आता समोरचा कोण, किती पाण्यात, काही कळत नाही. हरलो तर तो मोठा खेळाडू असणार असं मानून उठतो. जिंकलो तर तो नक्कीच फार मोठा खेळाडू असणार.

आता या सगळ्यातली सगळ्यात करमणुकीची गोष्ट, डावानंतरचं विश्लेषण. स्टॉकफिश नावाचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, तुमची प्रत्येक चाल तपासतं आणि दोष तीन वर्गांत मांडतं : किरकोळ ढिलाई, चूक आणि घोडचूक. घोडचुकीला दोन प्रश्नचिन्हं. वर टक्केवारीत अचूकता, शेजारी आलेख. हा आमच्या नोकरीतला गोपनीय अहवालच म्हणायचा, फक्त लिहिणारा साहेब कधी रजेवर जात नाही आणि ‘काम समाधानकारक’ लिहून सोडून देत नाही. मला एका डावात त्याने इतकी प्रश्नचिन्हं दिली की पान शाळेच्या प्रश्नपत्रिकेसारखं दिसायला लागलं.

पण हा अहवाल वाचायची एक युक्ती आहे. आपला वाचायचा नाही, समोरच्याचा वाचायचा. उदाहरणादाखल माझाच एक डाव. मी वजीर अशा घरात नेला की त्याच्या घोड्याला राजा आणि वजीर दोघांवर एकदम उडी मारता येत होती. त्याने चार मिनिटं विचार केला. मी इकडे देवाचं नाव घेतोय. मग त्याने सावकाश कॅसलिंग केलं, म्हणजे राजा हत्तीच्या आड नेला. अहवालात मला दोन प्रश्नचिन्हं, लगेच खाली त्यालाही दोन. आलेख एकदा पाताळात गेलेला आणि पुढच्याच चालीला वर आलेला. माझ्या वजिराने पुढे डाव जिंकला आणि मी तो शांतपणे, योजनेनुसार जिंकल्यासारखा चेहरा करून सौभाग्यवतीला दाखवला. ती म्हणाली, “ऑफिसात होतात तेव्हा निदान सहाला घरी यायचात.”

टार्टाकोवर नावाच्या ग्रँडमास्टरचं एक वचन बुद्धिबळवाल्यांत प्रसिद्ध आहे, की शेवटून दुसरी चूक करणारा जिंकतो. आम्हाला ते विनोदी वाटायचं. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये जगज्जेतेपदाचा चौदावा आणि अखेरचा डाव चालू होता, गुकेश विरुद्ध तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन. डाव बरोबरीकडे चाललेला. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ२ या घरावर नेला आणि हत्तीपाठोपाठ उंटांचीही मारामारी करून गुकेशला राजा-प्याद्यांचा जिंकता डाव मिळाला. अठरा वर्षांचा पोरगा जगज्जेता झाला. दुसऱ्या दिवशी आमच्या बागेतल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर आनंद तर होताच, पण त्यात थोडी समाधानाची झाकही होती. जगज्जेत्याच्या हातून हत्ती असा जातो, तर आपण तर दुपारची गोळी घेऊन खेळतो.

घड्याळाबद्दल. एक मिनिटाचे, तीन मिनिटांचे डाव असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यात चाल सुचेपर्यंत चष्मा सापडत नाही. आपल्यासाठी पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद वाढीव, हे प्रमाण उत्तम. चालीगणिक वेळ वाढवून देणारं घड्याळ बॉबी फिशरने काढलं, १९८८ मध्ये पेटंटचा अर्ज केला. त्याच्या तऱ्हेवाईकपणाबद्दल जग काही म्हणो, पण त्या दहा सेकंदांसाठी सगळ्या पेन्शनरांनी त्याला दुवा द्यावा. पूर्वीच्या घड्याळावर जिंकत आलेला डाव काटा पडून जायचा आणि समोरचा हात पुढे करून “छान खेळलात” म्हणायचा. ते जास्त लागायचं.

आता खरी उणीव. ती लीचेसची नाही, एकूणच पडद्यावरच्या बुद्धिबळाची आहे. तिथे समोरचा बोलत नाही. डावाच्या सुरुवातीला तयार संदेशांची बटणं असतात, नमस्कार, शुभेच्छा, मजा करा, तुम्हालाही. शेवटी छान डाव, आभार, येतो. टाइपही करता येतं, पण घड्याळ पळत असताना कोण टाइप करणार? आमच्या ऑफिसातला डाव म्हणजे निम्मा पटावर आणि निम्मा तोंडाने. एक खेळणार, एक हरणार आणि पाचजण डबा हातात धरून भोवती उभे. बघ्यांनी बोलायचं नाही असा कडक नियम होता, म्हणून ते खोकायचे. घोड्यावर हात गेला आणि मागून खोकला आला, तर घोडा ठेवायचा. पण हात लावला की चालावंच लागतं, या नियमावरून मग जे भांडण लागे त्यात सुट्टी संपायची. पडद्यावर मोहरा उचला, हवेत फिरवा, परत ठेवा, कोणी हटकत नाही. सोयीचं आहे, पण मजा त्या हटकण्यातच होती.

यावर मी आणि देवधरने उपाय काढला. देवधर माझ्याच खात्यातला, निवृत्तीनंतर रत्नागिरीला गेला. आम्ही लीचेसवर एकमेकांना आव्हान पाठवतो, डाव रेटिंगशिवायचा ठेवतो आणि फोन स्पीकरवर टाकतो. बास, ऑफिस परत सुरू.

“घोडा खाल्लास? खा. साठी उलटली तरी हाव गेली नाही तुझी.”

“फुकट होता.”

“फुकटचं तुला कधी पचलंय? कॅन्टीनची भजी आठव.”

मला वाटलं उगाच बोलतोय. तो बोलत असतानाच त्याचा हत्ती मोकळ्या पट्टीवर आला होता. मग उंट. मग तिकडून सुपारी कातरल्याचा आवाज. देवधर सुपारी कातरायला लागला की समजावं, तीन-चार चालींत शह बसणार. बसला. राजा कोपऱ्यात, माझ्याच प्याद्यांनी वाट अडवलेली.

“पचला का घोडा?”

मी चाल परत मागितली. लीचेसवर तशी विनंती करता येते, समोरच्याने मान्य केली तर चाल मागे जाते. देवधरने विनंती नाकारली आणि तोंडी कारण दिलं : “अर्ज विहित नमुन्यात नाही.”

मशीनशीही खेळता येतं, एक ते आठ पातळ्या. पहिली पातळी इतकी उदार आहे की जिंकल्यावर आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. वरच्या पातळीबद्दल मला काही सांगायचं नाही, आमची ओळख अल्पकाळच टिकली. कोड्यांचा साठा मात्र प्रचंड. लाखो कोडी, सगळी खऱ्या खेळाडूंच्या डावांतून काढलेली. ती मी बऱ्यापैकी सोडवतो, कारण कोडं म्हणजे इथे काहीतरी आहे हे आधीच ठाऊक असतं. डावात तसं कोणी सांगत नाही. निदान खोकायला तरी हवं कुणीतरी.

इंजिन लावून खेळणारे लबाड ऑनलाइन सगळीकडे असतात, इथेही भेटतात. पण पकडले गेले की त्यांच्याकडून हरलेल्यांना गुण परत मिळतात. मला एकदा तसा निरोप आला. पेन्शनच्या फरकासाठी मी किती अर्ज केले ते मलाच माहीत. हे न मागता जमा झालं.

वेगळ्या प्रकारचे डावही आहेत. त्यातल्या अँटीचेसची खास शिफारस करतो. त्यात मारता येत असेल तर मारावंच लागतं आणि ज्याचे सगळे मोहरे आधी संपतात तो जिंकतो. देवधर म्हणाला, “शेवटी तुझ्या गुणांची कदर करणारा खेळ निघाला.” एक खंत एवढीच, की या यादीत आपली जुनी देशी पद्धत नाही. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, राजाला एकदा घोड्याची उडी, आणि प्यादं ज्या पट्टीत शेवटच्या घरी पोचेल त्या पट्टीचा मोहरा होणार. माझे वडील तसंच खेळायचे. मीर सुलतान खान असाच देशी पद्धतीत तयार झाला, विलायती नियम नंतर शिकला आणि १९२९, १९३२, १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं घेऊन आला. कट्ट्यावर एक ऐंशी पार केलेले गृहस्थ अजून राजाला उडी मारून नेतात. त्यांना थांबवायची कुणाची छाती होत नाही.

आणखी एक फायदा अनपेक्षित होता. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, त्यानंतर आमच्या इमारतीतल्या पोरी पट घेऊन जिन्यात बसायला लागल्या. चौथीतली एक माझ्याशी खेळते. मी पांढऱ्याने नेहमीचंच, लंडन नावाची सुरुवात : डी४ आणि मागोमाग उंट एफ४.

“आजोबा, तुम्ही सारखं लंडन का खेळता?”

“का गं, वाईट असतं?”

“नाही. पण सर म्हणतात, लंडन खेळणाऱ्यांना नवीन काही शिकायचं नसतं.”

त्या दिवशी मी सिसिलियन नावाच्या बचावाचा धडा उघडला. सात चालींपर्यंत पाठ झालाय. समोरचे पाचव्यालाच वाट सोडतात.

वापरायच्या काही बारीकसारीक गोष्टी. मोबाइलवर खेळू नका, टॅबलेट किंवा संगणक घ्या. जाड अंगठा आणि चिमुकली घरं यांचं जमत नाही, हत्ती शेजारच्या घरात पडतो आणि तिथे कुणीतरी त्याची वाटच बघत असतं. मोबाइलच वापरायचा असेल तर चाल पक्की करायला विचारणारी सोय सेटिंग्जमधून चालू करा. झेन मोडही बघा, त्यात पट सोडून बाकीचं बहुतेक सगळं दिसेनासं होतं. रात्री जेवणानंतर अनोळखी माणसाशी खेळू नये, झोपेत चाली येतात आणि त्याही चुकीच्याच. आवाजाच्या पर्यायांत चाली इंग्रजीत बोलून दाखवणाराही एक आहे. आमच्या घरी तो दोन दिवस चालला, तिसऱ्या दिवशी बंद करण्याचा आदेश निघाला.

पत्रबुद्धिबळाची सोयही आहे, एका चालीला चौदा दिवसांपर्यंत मुदत ठेवता येते. देवधरशी तसाही एक डाव चालू आहे, कारण कोकणात पावसाळ्यात नेटचा भरवसा नसतो. गेल्या आठवड्यात मी त्याला शह दिलाय. राजाला जायला एकच घर आहे, मध्ये घालायला मोहरा नाही, शह देणारा मारता येत नाही. काल फोन केला तेव्हा म्हणाला, घाई करू नकोस, विचार चालू आहे.