पहिलीच परदेशवारी आणि गाडी स्वतः चालवायची: मॉरिशस, ओमान की श्रीलंका?

बेळगावात गाडी शिकलेल्या माणसाला चोर्ला घाटाचं काही वाटत नाही. पहाटे निघायचं, कणकुंबीला चहा घ्यायचा आणि ऑफिसं उघडायच्या वेळेला पणजीत. बस्ता बांधायला कोल्हापूर म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. पण हीच माणसं परदेशात गाडी भाड्यानं घ्यायचा विषय निघाला की एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागतात.

गेल्या काही महिन्यांत खानापूर, निपाणी आणि इथल्या टिळकवाडीतून ओळखीच्या तीन घरांनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला. पासपोर्ट नवा आहे, देशाबाहेर कधी गेलो नाही, सहा-सात दिवस हातात आहेत, टूरच्या बसमध्ये बसायचं नाही, तर मॉरिशस, ओमान आणि श्रीलंका यांतलं काय निवडू? या तिन्ही ठिकाणी मी आणि नवरा जाऊन आलोय, त्यामुळं माझं मत आधीच सांगते. पहिल्या खेपेला मॉरिशस. ओमान दुसऱ्या खेपेला, आणि तेही थंडीत. श्रीलंकेला जरूर जा, पण तिथं गाडी तिथल्याच ड्रायव्हरला चालवू दे.

रस्त्याची बाजू

लोक आधी फोटो बघतात, मग हॉटेल बघतात आणि वाहतूक कुठल्या बाजूनं चालते हे शेवटी विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न तोच. मॉरिशस आणि श्रीलंकेत आपल्यासारखंच डावीकडून जायचं, स्टिअरिंग उजवीकडं. ओमानमध्ये सगळं उलट.

"दोन तासांत सवय होते," असं आम्हालाही सांगितलं होतं, आणि मस्कतच्या गर्दीत ते खरंही वाटलं, कारण तिथं पुढच्या गाडीमागून जात राहिलं की झालं. फसगत झाली ती तिसऱ्या दिवशी. निझव्याच्या पुढं अल हमराकडं जाणारा दुपदरी रस्ता, सकाळचे साडेसहा, चिटपाखरू नाही. पेट्रोल भरलं, पंपातून बाहेर पडले आणि वीस वर्षांच्या सवयीनं डाव्या बाजूला लागले. मला ते बरोबरच वाटत होतं! वळणावरून टँकर आला, त्यानं लांबूनच दिवे मारले आणि नवरा "उजवीकडं, उजवीकडं" म्हणून ओरडला तेव्हा कळलं. अंतर बरंच होतं, म्हणून वाचलो. त्यानंतर परत येईपर्यंत पंपातून, हॉटेलातून, दुकानासमोरून निघताना दर वेळी शेजारी बसलेल्यानं मोठ्यानं "उजवी बाजू" म्हणायचं, असा नियम केला. ओमानला जाणार असाल तर हा नियम विमानतळावरून निघतानाच लागू करा. चूक रिकाम्या रस्त्यावर आणि गाडी पुन्हा सुरू करताना होते.

आणखी एक. आपल्या गाडीत इंडिकेटरची दांडी बहुतेक वेळा उजव्या हाताला आणि वायपरची डाव्या हाताला असते. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत ती उलटी असते. पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर कोरड्या काचेवर वायपर फिरत होता आणि मागच्याला मी वळणार आहे हे कळतच नव्हतं. म्हणून गाडी हातात आली की तिथल्याच पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं फिरवून घ्या. भाड्यानं देणाऱ्याला घाई असते, तुम्हाला असू नये.

किलोमीटर नव्हे, तास मोजा

मॉरिशसचं मोठेपण त्याच्या लहानपणात आहे. सगळं बेट मिळून सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर, आणि लांबी साधारण ६५ किलोमीटर. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत बेळगाव-निपाणीपेक्षाही कमी. विमानतळ आग्नेयेला, पर्यटकांची ग्रां बे उत्तरेला, तरी मोटरवेनं सव्वा तासाच्या आसपास पोचता. रस्ता चुकला तर दहा मिनिटं जातात, दिवस जात नाही. एकच मुक्काम धरून रोज वेगळ्या दिशेला जाता येतं, रोज बॅगा बांधाव्या लागत नाहीत. नवख्यांना याचा केवढा आधार असतो ते तिथं गेल्यावर समजतं.

तिथं शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे सर्कल. चन्नम्मा सर्कलला ज्याचं तोंड आधी घुसलं त्याची गाडी आधी, ही आपली रीत. मॉरिशसमध्ये चौकाचौकांत गोल आहेत आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. त्याला जाऊ दिलं की तुमच्यासाठीही पुढचे लोक थांबतात. मोटरवेवर जास्तीत जास्त ताशी ११०, गावात ४० ते ६०, आणि कॅमेरे जागोजागी. दक्षिणेकडचे रस्ते मात्र अरुंद. दोन्ही बाजूंना थेट रस्त्याला टेकलेला ऊस, बाजूपट्टी नाही, अंधार पडल्यावर दिवे कमी. जून ते डिसेंबर तिथं ऊसतोडणी असते आणि ऊस भरलेल्या गाड्या पुढं रांगत असतात. संकेश्वर-हुक्केरी भागात दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागं गाडी हाकलेल्यांना हे नवं नाही. सूर्य मावळायच्या आत मुक्कामी, एवढं पाळलं की झालं.

ओमानचे रस्ते मात्र तिन्हींत उजवे. मस्कत ते निझवा सुमारे १६० किलोमीटर आणि दोन तासांच्या आत. सूरकडं जाणारा समुद्राकाठचा रस्ता तर चालवतच राहावासा वाटतो. हमरस्त्यावर ताशी १२० ची मर्यादा. पेट्रोल रियालच्या पाव भागाच्या आत लिटर, म्हणजे आपल्या निम्म्याच्या आसपास. पण दोन गोष्टी नवख्यांना ठाऊक नसतात. वाडी म्हणजे कोरडा ओढा. डोंगरात लांब कुठंतरी पाऊस पडला तरी त्यात अचानक लोंढा येतो, आणि पाणी वाहत असताना त्यातून गाडी घालणं हा तिथं गुन्हा आहे. दुसरं, निझव्याजवळच्या जबल अखदर डोंगरावर फोर-बाय-फोर असल्याशिवाय सोडत नाहीत. बिरकत अल मौजला पोलीस चौकी आहे, तिथूनच परत पाठवतात. त्या घाटासाठी एका दिवसापुरता स्थानिक ड्रायव्हर घ्या आणि बाकीचे दिवस साधी लहान गाडी स्वतः चालवा.

श्रीलंकेत नकाशा फसवतो. कोलंबो ते कँडी सव्वाशे किलोमीटरच्या आत, पण साध्या रस्त्यानं तीन-चार तास. पुढं कँडी ते नुवारा एलिया फक्त ७५ किलोमीटर, तरी अडीच तास कमीच. वळणं आंबोलीची, उंची जवळपास १,९०० मीटर, आणि खाजगी बसवाले वळणावरच ओव्हरटेक करतात. घाट आपल्याला जमतो, यात शंका नाही. पण चहाचे मळे बघायला आलेला माणूस पूर्ण दिवस समोरच्या बसकडं डोळे लावून बसला तर काय उपयोग? शिवाय कागदांचीही कटकट आहे. आपलं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट तिथं तेवढ्यानं पुरत नाही. कोलंबोतल्या ऑटोमोबाइल असोसिएशन ऑफ सिलोनची मान्यता किंवा मोटर ट्रॅफिक खात्याचा तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. सहा दिवसांच्या सहलीतला वेळ यासाठी कशाला घालवायचा?

म्हणून श्रीलंकेला गाडीसकट ड्रायव्हर घ्या. तिथली ती रुळलेली पद्धत आहे, बऱ्याच हॉटेलांत ड्रायव्हरच्या झोपण्याची सोयही असते. आमचा ड्रायव्हर रंबोड्याच्या चढावर गाडी उभी करून कागदात बांधलेला भात खायला बसला आणि आम्हालाही घास दिला. सकाळी तो इडियाप्पम मिळणाऱ्या टपरीवर घेऊन जायचा. चव आपल्या कोकणातल्या शिरवाळ्यांची, सोबत नारळाची झणझणीत चटणी. स्टिअरिंग माझ्या हातात असतं तर ती टपरी मला दिसलीच नसती.

आपल्या सुट्ट्या आणि तिथलं हवामान

पुण्या-मुंबईचे लोक दिवाळीचा बेत करतात, तो आपल्याला लागू होत नाही. कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याची, आणि मग एप्रिल-मे. मुलं सोबत असतील तर निवड इथंच निम्मी होऊन जाते. दसऱ्याच्या सुमाराला मॉरिशसमध्ये वसंत असतो, कोरडी हवा आणि बेताचं ऊन. मे महिन्यातही तिथं उकाडा ओसरलेला असतो. ओमान ऑक्टोबरच्या सुरुवातीलाही तापलेलं असतं आणि मेमध्ये तर चाळिशी पार. तिथं नोव्हेंबर ते मार्च एवढेच दिवस खरे. श्रीलंकेच्या डोंगरात आणि नैऋत्य किनाऱ्यावर मे ते सप्टेंबर पाऊस, ऑक्टोबरातही दुपारचे ढग, त्यामुळं डिसेंबर ते मार्च उत्तम. मॉरिशसला फक्त जानेवारी ते मार्च टाळा, तो वादळांचा हंगाम.

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून देशांतर्गतच विमानं आहेत, तेव्हा सुरुवात मुंबई, बेंगळुरू किंवा गोव्याहून. मॉरिशसला मुंबईहून सहा तास लागतात, तिन्हींत सर्वांत जास्त, आणि तिकीटही सर्वांत महाग. ही मॉरिशसची खरी उणी बाजू, ती मी लपवत नाही. कोलंबो बेंगळुरूहून दीड तासावर. मस्कत मुंबईहून अडीच-तीन तास, आणि गोव्याहून थेट विमान जुळलं तर मुंबईची रात्र वाचते. बजेट अगदी घट्ट असेल तर श्रीलंका ड्रायव्हरसकट घ्या, त्यात चुकण्यासारखं काही नाही.

कागद

आंतरराष्ट्रीय परमिट आपल्या आरटीओतूनच मिळतं. बेळगाव, चिकोडी, गोकाक, बैलहोंगल, जिथं तुमचा पत्ता तिथं. सारथी पोर्टलवर अर्ज, फॉर्म ४-ए, फी १,००० रुपये, सोबत पासपोर्ट, लायसन्स, तिकीट आणि लागत असेल तिथं व्हिसा. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. परमिटसोबत मूळ लायसन्सही न्यावं लागतं, नुसतं परमिट चालत नाही.

अडचण येते ती नावात. आपल्याकडं जुन्या लायसन्सवर "एस. आर." आणि आडनाव असतं, पासपोर्टवर मात्र वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव. बायकांचं तर लायसन्स माहेरच्या नावाचं आणि पासपोर्ट सासरच्या. माझंही तसंच होतं. निघायच्या दोन महिने आधी लक्षात आलं म्हणून दुरुस्ती झाली. पत्त्यात कुठं बेळगाव, कुठं बेळगावी असेल तर घाबरू नका. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं नाव बदललं, जुने कागद जुन्याच नावाचे असणार. आम्हाला त्यावरून कुणी अडवलं नाही. माणसाच्या नावात फरक असेल तर मात्र काउंटरवरून गाडी मिळत नाही.

तसंच क्रेडिट कार्डाचं. अनामत रक्कम ते कार्डावर अडवून ठेवतात आणि कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं मागतात. डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. आपल्या घरांत कार्ड नवऱ्याच्या नावाचं आणि गाडी चालवणार बायको, असं असतं, ते आधीच जुळवा. दोघांचीही नावं चालक म्हणून घाला.

आणि गाडी घेताना चारही बाजूंनी, टपासकट, चाकांच्या रिमांसकट व्हिडिओ काढा. एका सहलीत आम्ही नुसती सही करून किल्ली घेतली होती. परत आल्यावर पंधरा दिवसांनी मागच्या बंपरवरच्या ओरखड्याचे पैसे कापल्याचा मेल आला. ओरखडा आधीचाच होता, पण दाखवायला आमच्याकडं काही नव्हतं. विम्यात तुमच्या खिशातून किती जाणार तो आकडा विचारा, आणि तो शून्यावर आणायचे जादा पैसे पहिल्या खेपेला तरी भरा.

व्हिसाचं थोडक्यात. भारतीयांना मॉरिशसला आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग दाखवायचं. ओमानचा रॉयल ओमान पोलिसांच्या साइटवरून ऑनलाइन, श्रीलंकेलाही निघण्याआधी ऑनलाइन परवानगी.

"आपलीच गाडी घेऊन नेपाळला गेलो तर?" असंही निपाणीकरांनी विचारलं. सीमेपर्यंत पोचायलाच तीन दिवस, यायला तीन. सात दिवसांत ते बसत नाही.

मॉरिशसकडं माझा कल आहे त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते गाडीशी संबंधित नाही. १८३४ पासून उसाच्या मळ्यांत गिरमिट्या, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून नेलेल्या लोकांत कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांची पणतवंडं आज घरी बहुतेक क्रिओल बोलतात, पण शाळेत मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर, जिथं ती माणसं बोटीतून उतरली, तिथल्या दगडी पायऱ्यांपाशी मी बराच वेळ उभी होते. मराठी टिकवायची म्हणजे काय, हे बेळगावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

पहिल्या दिवशी फक्त विमानतळ ते हॉटेल, दुसऱ्या दिवशी पांपलमूसची बाग आणि पोर्ट लुई, तिसऱ्या दिवशी गंगा तलाव आणि शामारेल. ल मोर्नकडं जाणारा रस्ता चौथ्या दिवसासाठी ठेवा. तोवर हात बसलेला असतो, आणि डाव्या बाजूला डोंगर, उजव्या बाजूला समुद्र असं गाडी चालवताना निवांत बघता येतं.